ढोम्याच्या कानातले खडे

कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या घरातले म्हातारबुवा, म्हणजे आमचे हे, बिथरतात. सांगली कुठं, समुद्र कुठं! पण सकाळचा चहा पिता पिता चष्मा कपाळावर सारून मला सांगतात, "आता खरा मोसम सुरू झाला बघ, आणि बघायला कुणी नाही." मी म्हणते, "बघायला काय ठेवलंय त्यात? मासे आहेत, वरात थोडीच आहे?" तर म्हणतात, "वरातच आहे ती." मग ढोमा सुरू होतो. ढोमा हा ह्यांचा मासा. सगळी उमर त्याच्यापायी घातली. त्याचं नाव निघालं, की या वयातही माझी मान आपोआप खिडकीकडं वळते, कुणी ऐकतंय का म्हणून. खिडकीबाहेर आमचंच अंगण, आमचीच भिंत. ऐकणारं कुणी नाही. तरी मी आवाज खाली करायची खूण करते आणि हे हसतात. ही खोड मला एका पावसाळ्यानं लावली.

तशी मी मुळातच संशयी. माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. वडील पलटणीतून हवालदार होऊन आले ते निम्मी पलटण डोक्यात घेऊनच. दारात कुणी आलं की आधी त्याच्या हातांकडं बघायचे, मग पायांकडं, सगळ्यात शेवटी तोंडाकडं. "तोंड काय, कुनीबी धुतंय," म्हणायचे. त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. भाजीवालीनं चार काड्या कोथिंबीर फुकट दिली तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची. लग्न ठरलं तेव्हा हे सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि रत्नागिरीकडच्या माशावर प्रबंध लिहायचे. कृष्णेकाठी राहून समुद्रातल्या माशावर प्रबंध! वडिलांनी हे ऐकल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "इंदे, ह्यो मानूस रत्नागिरीला मासाच बघाय जातोय न्हवं?" एवढी शंका माझ्या ओटीत घालून ते मेढ्याला निघून गेले. मी ती पुष्कळ दिवस जपून ठेवली.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. मोठा दुष्काळ मागं पडला होता, कृष्णेला पुन्हा भरपूर पाणी यायला लागलं होतं. आम्हाला जागा मिळाली ती जैनांच्या गल्लीत. घरमालक अण्णा, त्यांचा नदीकाठाला ऊस आणि पेठेत हळदीचं दुकान. अण्णा बोलायचे कमी, खाकरायचे जास्त. घर चालायचं ते त्यांच्या बायकोच्या, आक्कांच्या शब्दावर. जागा देताना आक्कांनी एकच अट घातली. "बाई, तुमचं खानंपिनं तुमचं. आमी काय बोलनार न्हाई. पर ह्या उंबऱ्याच्या आत मांस-मच्छी यायची न्हाई. शिजवायची न्हाई, आनायचीबी न्हाई." आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. आमच्यासारख्या खाणाऱ्या माणसांना अशी जागा कोण देतंय? मागचे दोन खण, स्वतःची मोरी, समोर सिमेंटची पायरी आणि तिच्यावर सकाळभर ऊन. रंजी तेव्हा पोटात होती. मला तर ते घर म्हणजे राजवाडाच वाटला.

रंजी झाली, पाळण्यात पाय झाडायला लागली आणि पुढचा आषाढ आला. रविवारी हे एस्टीनं आंबा घाट उतरून गेले ते सोमवारी सकाळी भिजून चिंब होऊन परत आले. सदऱ्याच्या खिशात औषधाची रिकामी बाटली, तिच्यात कापूस, कापसात पांढरेशुभ्र खडे. वालाच्या डाळीएवढे. एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला खळगा. माझ्या डोळ्यांपुढं आधी काय आलं असेल तर कुणाची तरी नथ. वडिलांची शंका मी ओटीतून बाहेर काढलीच.

"कुणाचे आहेत हे खडे?"

"ढोम्याचे."

"कोण ढोमे?"

"अगं, मासा तो! त्याच्या कानातले आहेत."

माशाला कान असतात, हे मला त्या दिवशी कळलं. ते बाहेरून दिसत नाहीत, डोक्याच्या आत असतात, त्यात दोन्हीकडं एकेक मोठा खडा असतो आणि त्यावर मासा आपला तोल सांभाळतो. सगळ्याच माशांना असतात म्हणे, पण ढोम्याचे ठळक. इतकी लांबलचक थाप कुणी रचणार नाही, म्हणून मी विश्वास ठेवला. विश्वास बसल्याबरोबर दुसरं लक्षात आलं. माशाचं हाड उंबऱ्याच्या आत आलं होतं!

"दगड आहे तो, हाड नव्हे," हे म्हणाले. "आक्कांनी मासा आणायचा नाही म्हटलंय. मी मासा कुठं आणलाय?"

"हे आक्कांना सांगाल?"

"आक्कांना कशाला सांगायचं?"

तिथंच माझा मुद्दा होता. पण ह्यांचाही नाइलाज. खडे घासून पातळ करायचे होते, कॉलेजात घासायला नीट दगड नव्हता आणि घासणारी बायकोही नव्हती. ह्यांनी पायरीवर घासून बघितलं, पॉलिश पेपरवर घासून बघितलं. कडा उडायच्या, एखादा मधोमध तडकायचा. पुरुषाच्या बोटांना उगाळणं जमत नाही, दाबतातच फार. शेवटी मी रंजीच्या गुटीची सहाण काढली. एका अंगावर मी हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळायची. ती उलटी केली आणि थेंबभर पाणी घेऊन खडा हलक्या हातानं फिरवला. दुधासारखं पाणी सुटलं. फिरवत फिरवत खडा कागदाएवढा झाला. ह्यांनी तो काचेवर घेतला, लवंगेच्या तेलाचा थेंब सोडला, खिडकीकडं धरला आणि भिंगातून बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

आत कडी होती. झाडाचं खोड कापल्यावर दिसतात तशी, एकात एक.

"मधला ठिपका बघ," हे सांगायला लागले. "एवढा होता तेव्हा खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात होता. तिथं त्याला खाणारे कमी, म्हणून सगळी पिल्लं तिथंच वाढतात. मग हे जाड पांढरं कडं. खाऊन-पिऊन सुखात. आणि त्याच्या बाहेर बारीक, काचेसारखी रेघ दिसतेय? तेव्हा ह्यानं खाणं टाकलं होतं."

"का? आजारी होता?"

"अंडी घालायचे दिवस. तेव्हा ह्यांचं खाण्यात लक्ष नसतं, अंग वाढत नाही. त्याची खूण खड्यात राहते."

हे सगळं घडतं पावसाळ्यात. ढोमे उथळ पाण्यात येतात, नर पोटातून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात, माद्या पाण्यात लाखांनी अंडी सोडतात. हे तो आवाज काढून दाखवायचे आणि रंजी खिदळायची. पण नेमक्या त्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या. म्हणजे ढोम्याच्या घरात काय चालतं ते कुणीच बघितलेलं नाही! एक बारीक रेघ म्हणजे एक पावसाळा, एक वर्ष, असं पुस्तकात लिहिलं होतं. ह्यांचा त्यावर विश्वास नव्हता. "कशावरून? वर्षातून दोनदा उपास करत असेल तर? मग पाच वर्षांचा म्हणून सांगितलेला मासा अडीचचाच निघेल." पावसातल्याच माशाचा खडा मिळाला आणि त्याच्या अगदी कडेला ती रेघ ताजी उमटताना दिसली, आणि एरवीच्या खड्यांत कडेला नसली, तरच ह्यांना पटणार होतं. खाडीत पावसातही थोडी जाळी लागायची. तिथल्या बाजारात छत्री धरून हे माशांची नुसती डोकी विकत घ्यायचे, खडे काढून, धुऊन, बाटलीत भरून एस्टीत बसायचे. माझ्या लक्षात आलं, हा माणूस तर माझ्याहून संशयी आहे. फरक एवढाच, की ह्यांना पुरावा लागतो, मला तेवढाही लागत नाही.

उगाळलेले खडे वयाप्रमाणं वेगवेगळ्या बशांत पडायचे. पोरसवदा खड्यांच्या बशा भरलेल्या, कर्त्यांच्या बऱ्यापैकी, आणि म्हाताऱ्यांच्या बशीत एखाददुसरा. हे त्या बशीकडं बघत बसायचे. "म्हातारी माणसं दिसेनाशी झाली, की त्या गावात काहीतरी घडतंय असं समजायचं," म्हणायचे. मोठी यांत्रिक जाळी तेव्हा नुकती तळ खरवडायला लागली होती आणि ह्यांचा सगळा संशय तिच्यावर होता. आत्ता परवा मिरजेच्या बाजारात मी ढोमा बघितला. तळहाताएवढा, पोटात अंड्यांची गाभोळी. घरी येऊन सांगितलं तर हे उदास झाले. मोठं व्हायला सवड मिळत नाही म्हणून पोरवयातच अंडी घालायला लागलेत, म्हणाले. मी मुद्दाम विषय बदलून वरणाला फोडणी घातली.

आता गंमत बघा. ज्या दिवसांत ढोमा खाणं टाकतो, त्याच दिवसांत आमच्या पुढच्या घरातही ताटातलं एकेक कमी व्हायचं. चातुर्मास! पालेभाजी बंद, कांदा-बटाटा बंद, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडकं अलगद पुन्हा पाण्यातच विसळायचं, त्यातला जीव मरू नये म्हणून. जैन मुनी पावसाळाभर गाव सोडत नाहीत, एका जागी राहतात. का, ते आक्कांनीच मला पायरीवर बसून सांगितलं होतं. "पावसाळ्यात जीव लय गं. पाऊल टाकंल तितं जीव. मानसानं हात-पाय आवरून बसायचं दीस हायती हे." आतल्या खोलीत हे तेच सांगत होते, की पावसात सगळं पाणी अंड्यांनी भरलेलं असतं आणि होड्या वर ओढणाऱ्यांना ते आपल्याआधी कळलेलं आहे. भिंतीच्या अलीकडं-पलीकडं एकच गोष्ट चालली होती. आणि मी मात्र मधल्या दारात कान टवकारून उभी, की एकीकडचं दुसरीकडं ऐकू तर जात नाही ना.

कारण ते कळलं असतं तर आमचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं. यात मला तिळमात्र शंका नव्हती. जागा गेली की मला तान्ह्या पोरीला घेऊन मेढ्याला जावं लागणार, तिथं पावसात चूल पेटायची मारामार, आणि ह्यांचं काम तिथंच संपणार. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून राहायची. आक्का नळावर आल्या की सहाण उलटी करायची. गुटीचं अंग वर, ढोम्याचं अंग खाली.

तरी एका सकाळी त्यांनी गाठलंच. मी पायरीवर उगाळत होते, रंजी मांडीवर, शेजारी बशीत खडे. आक्का कळशी घेऊन थांबल्या. नाक वर करून वास घेतला.

"लवंग हाय न्हवं? आनि ह्ये पांढरं कसलं गं? गुटीतलंच व्हय?"

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगू? अजून वाटतं.

आक्का रंजीकडं बघत राहिल्या. रंजी तेव्हा गुबगुबीत, मनगटाला वळ्या पडलेली. ती नजर मला बरी वाटेना. मी पोरीला आत नेलं, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि गालावर काजळाचा मोठा ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी आक्कांनी तो ठिपका बघितला. कशासाठी लावलाय हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

त्यांचंही काळीज ठिकाणावर नव्हतं. त्यांची पद्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरायच्या आत मोकळी झाली होती. मुलगा. पण एवढुसा, की आक्कांच्या दोन ओंजळींत मावायचा. दोन घोट ओढायचा, दमायचा, झोपी जायचा. रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं. डॉक्टर येऊन गेले. ऊब द्या, आईचं दूध चमच्यानं पाजत राहा, दम धरा, म्हणाले. दम धरणं आक्कांना जमत नव्हतं. एका घरात दोन बाळं, एक टम्म, एक वाळकं. माझी पोर हसली की मी तिचं तोंड पदरानं झाकायची. आमच्या हसण्याचा आवाज पुढच्या खोलीत जाऊ नये, असं वाटायचं. त्यांच्या पोराला आमची दृष्ट लागली असं त्यांना वाटत असेल, हे मी मनाशी पक्कं केलं. आणि आपल्या पोरीला त्यांची लागेल, ही भीती होतीच. सुतावरून स्वर्ग गाठायला मला कधी वेळ लागत नसे.

श्रावणातल्या एका दुपारी आक्का स्वतः आमच्या दारात आल्या. आत न येता उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"इंदू, त्ये पांढरं उगाळतीस, त्यातलं एक दे की गं मला. आमच्या बाळाला उगाळून घालती."

मी बशांच्या आड येऊन उभी राहिले. "आक्का, ते लहान बाळाला नसतं."

"मग रंजी काय म्हातारी झाली व्हय?"

"तसं नाही. ते... ह्यांच्या कामाचं आहे."

"मास्तर गुटी घेत्यात?"

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी हसायचं सुचलं नाही. मला वाटलं, आक्कांना सगळं कळलंय, आपली परीक्षा चाललीय. द्यावं तर चातुर्मासात जैनाच्या बाळाच्या तोंडात मासा, नाही द्यावं तर कशाला नाही याचं कारण सांगायचं. आणि कारण सांगितलं तर जागा गेली. मी म्हटलं, "संपलंय, आक्का." त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. खिडकीत बशा होत्या, उन्हात पांढऱ्या चमकत.

"बरं," एवढंच बोलून त्या गेल्या.

त्या दिवसापासून पुढचं दार आमच्या बाजूनं मिटलं. नळावर आक्का माझ्याआधी येऊन जायच्या. पद्मा मला बघून खिडकी लोटून घ्यायची. अण्णांचं खाकरणंसुद्धा मला वेगळं वाटायला लागलं. एके संध्याकाळी त्यांनी ह्यांना अंगणात थांबवलं आणि म्हणाले, "मास्तर, पर्यूषण होऊ द्या. मग जरा बसू या. जाग्याचं बोलायचं हाय." झालं! मी रात्रीचं जेवण केलं नाही. हे म्हणाले, "जागेचं म्हणजे भाडं वाढवायचं असेल." मी म्हटलं, "तुम्ही माशांचं वय ओळखा. माणसं मला कळतात."

आणि मग ते हळकुंड.

सकाळी रंजीला न्हाऊ घालून मी बाहेर आले. म्हाताऱ्यांची बशी मी उन्हात ठेवली होती पायरीवर. तिच्यात खड्याच्या जागी एक हळकुंड. जाडजूड, पिवळंजर्द, अगदी निवडक. मी किंचाळलेच. आमच्या माहेरी, जावळीच्या डोंगरात, दारात हळदीचं असं काही सापडलं, तर बायका त्याला हातही लावत नाहीत. कुणी करणी केली म्हणतात. मला तर पुढचं सगळं दिसायलाच लागलं. हळद त्यांच्या दुकानातली, वाळकं बाळ त्यांचं, गुबगुबीत बाळ माझं. आणखी काय पाहिजे?

हे धावत बाहेर आले. ह्यांना हळकुंड दिसलंच नाही. ह्यांना दिसलं, की खडा गेला. त्या मोसमातला सगळ्यात मोठा खडा, खाडीत पावसात सापडलेल्या एका जुन्या ढोम्याचा. त्याचा जोडीदार ह्यांच्याच हातून घासताना तडकला होता, म्हणून हा एकुलता एक. अजून उगाळायचा राहिला होता, नुसत्या आकारावरून म्हाताऱ्यांत टाकलेला. आत किती कडी आहेत, कडेला ती बारीक रेघ आहे का, सगळं त्यात.

"उंदरानं नेला," हे डोकं धरून म्हणाले.

"उंदीर खडा नेतो आणि हळकुंड ठेवून जातो?"

तेव्हा कुठं ह्यांनी बशीत नीट बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "तू तर टाकला नाहीस? तुला ते घरात नको होतंच." लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी माझ्यावर संशय घेतला. इतकी वर्षं मी सगळ्या दुनियेवर संशय घेत आले, पण आपल्यावर कुणी घेतला की तो किती आत जातो, ते मला त्या दिवशी समजलं. मी रडले, भांडले, ह्यांनीही आवाज चढवला. दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या सकाळी मी ठरवलं, हा सोक्षमोक्ष लावायचाच. जागा जाते तर जाऊ दे. हळकुंड चिमट्यानं पदरात घेतलं आणि मधलं दार ढकलून पुढच्या घरात शिरले. आक्कांच्या तोंडावर ते फेकून विचारायचं होतं, माझ्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलंय म्हणून.

आक्का सोप्यात बसल्या होत्या. पुढं सहाण, शेजारी चांदीची वाटी, वाटीत पद्माचं दूध. त्यांच्या दोन बोटांत पांढरा खडा होता आणि त्या तो अगदी हलक्या हातानं उगाळत होत्या. माझ्यापेक्षाही हलक्या. सहाणेवर दुधासारखं पाणी सुटलं होतं. पद्मा भिंतीला टेकून, मांडीवर बाळ. ते रडत होतं. आणि रडण्याचा आवाज चक्क भिंतीपलीकडं जाईल असा होता.

पुढं काय काय झालं ते सांगते. पर्यूषण झाल्यावर अण्णांनी ह्यांना बोलावलं ते मोरीवरचा गळका पत्रा बदलायचं विचारायला. त्या घरात रंजी शाळेत जायला लागेपर्यंत आम्ही राहिलो. बाळ सुधारलं. खड्यानं सुधारलं असं मी अजिबात म्हणत नाही. पद्माला दूध उतरलं होतं, उबेत ठेवलं होतं, चमच्यानं पाजणं चालू होतं, डॉक्टरांनी सांगितलेला दम फळाला आला. आज तो मुलगा माझ्यापुढं वाकून नमस्कार करून उभा राहतो तेव्हा त्याच्या खांद्याएवढी माझी उंची भरते. ह्यांना मी खरं सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, प्रबंध होऊन, पदवी मिळून जुनी झाल्यावर. इतर खड्यांवरून ह्यांना रेघेचा पुरावा मिळाला होता, एक रेघ म्हणजे एकच पावसाळा. पण त्या सगळ्यात जुन्या ढोम्याचं वय कुणालाच कळलं नाही. ह्यांनी चष्मा कपाळावर सारला. मग एवढंच विचारलं, "बाळानं ओकलं वगैरे नाही ना?"

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी सोप्याच्या दारात उभी होते, पदरात हळकुंड. आक्कांनी वर बघितलं. दचकल्या नाहीत.

"हळकुंड ठिवलं हुतं बशीत," त्या म्हणाल्या. "चांगलं निवडून. आमी कुनाचं फुकट घेत न्हाई."

माझी करणी तिथंच उतरली. मला इतकी लाज वाटली आणि इतकी भीती वाटली, की कुठलं आधी वाटलं ते सांगता येणार नाही. मला समोर दिसत होतं ते एवढंच, की पाणी गाळताना फडक्यातला जीवसुद्धा जपणारी ही बाई चातुर्मासात स्वतःच्या हातानं ते उगाळून नातवाच्या जिभेवर ठेवणार होती. गप्प बसून चालण्यासारखं नव्हतं. जागा, प्रबंध, मेढ्याचा पाऊस, सगळं मी त्या क्षणी सोडून दिलं.

"आक्का, थांबा. तो खडा कशाचा आहे ते तुम्हाला..."

"गप." आवाज चढला नव्हता, पण मी गप्प झाले. सहाणेवरची त्यांची बोटं थांबली होती. "पद्मे, तू जरा आत जा," त्या म्हणाल्या. पद्मानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली. मग आक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, भोळेपणाही नव्हता. माझ्या वडिलांनी ती नजर बघितली असती तर त्यांनी सलाम ठोकला असता.

"मास्तर रत्नागिरीला कशापायी जात्यात, त्ये गल्लीला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी कवाच इचारलं न्हाई. तूबी सांगू नगो."

"पण आक्का..."

"तू सांगितलंस तर मला थांबावं लागंल गं."

बाळानं तोंड उघडलं होतं, मान इकडून तिकडं फिरवत काहीतरी शोधत होतं. त्यांनी सहाणेवरचं पांढरं बोटानं निपटून वाटीत कालवलं, चमचा भरला. बाळाची मान ठरत नव्हती, दूध सांडत होतं.

"बघतीस काय नुसती?" त्या म्हणाल्या. "डोस्कं धर त्येचं."

मी खाली बसले आणि बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरलं.